कागदावरची पर्शियन

एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही खोटा कागद पुढे सरकला नाही. हे मी फुशारकी म्हणून नाही सांगून राहिलो, नोंद म्हणून सांगून राहिलो. जन्माचा दाखला आणा, रहिवासाचा आणा, वारसाचा आणा. नागसेन मेश्राम आधी कागद उजेडात धरणार, मग शिक्का पाहणार, मग सहीची शाई. कागद घेऊन आलेल्या माणसाकडे पाहायची मला कधी गरजच पडली नाही. माणसाचं काय, आज दाढी आहे, उद्या नाही. कागद आहे तिथे राहतो.

त्यामुळे घरात मांजर आणायचं ठरलं, तेव्हा अख्ख्या नागपुरात हे काम माझ्याइतकं चोख कोणीच करू शकणार नाही, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती.

मांजर आणायचं कारण म्हणजे आमची मिनल. जानेवारीत तिचं लग्न झालं आणि ती हैदराबादला गेली. आमच्या घरात बोलणारी माणसं दोनच, मिनल आणि तिची आई. मी ऐकणाऱ्यांतला, आणि खरं सांगायचं तर ऐकणाऱ्यांतलाही नाही, पेपर वाचणाऱ्यांतला. मिनल गेली आणि प्रेमिला एकदम गप्प झाली. टीव्ही चालू असायचा, ती खिडकीतून बाहेर पाहत असायची. भाजीत मीठ आहे की नाही यावरूनसुद्धा भांडण होईना. एप्रिलमध्ये एका दुपारी ती म्हणाली, "एखादं मांजराचं पिल्लू आणा न जी, कुठूनतरी. घरात काही हलतच नाही."

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटतानासुद्धा एक शब्द कानाला खटकलाच.

"कुठूनतरी? म्हणजे काय? आई कोण, बाप कोण, काही पत्ता नसलेलं?"

"मांजर पाहिजे मले. त्याले कुठं नोकरीवर लावायचं आहे?"

"आणायचं तर नीट आणायचं," मी म्हणालो. "जातिवंत. कागदपत्रांसकट."

धरमपेठेत माया मॅडम नावाच्या एक बाई पर्शियन मांजरी पाळतात आणि विकतात, हे मला ऑफिसातल्या जुन्या मित्राकडून कळलं. गेलो. बंगल्याचा वरचा मजला, तिन्ही खोल्यांत एसी. मेचा पहिला आठवडा, बाहेर पारा पंचेचाळीसवर, आणि आत मांजरी पांघरूण घेऊन झोपल्या होत्या. किंमत विचारली.

"पंचेचाळीस हजार," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पंचेचाळीस हजारांत सावनेरच्या बाजारात बकऱ्या येतील चार. त्या दूध देतील, पिल्लं देतील. हे काय देईल?"

"हे काही देणार नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांना रोज हाच प्रश्न ऐकायची सवय असावी. "हिचा बाप रशियातून आला आहे, विमानानं. येण्यासाठी त्याला जेवढी कागदपत्रं लागली तेवढी मला दुबईला जायला लागली नव्हती. या जातीत किडनीचा एक आजार आई-बापाकडून उतरतो, म्हणून दोघांची तपासणी करूनच जोडी लावायची. चेहरा चपटा, पिल्लाचं डोकं मोठं, म्हणून कधीकधी बाळंतपणाला ऑपरेशन. वर्षातून एकदाच वीण घ्यायची, त्यातही तीन नाहीतर चार पिल्लं. लसी, डॉक्टर, रोज केस विंचरणं. आणि हा एसी बघताय ना? आमचं विजेचं बिल मी घरच्यांना दाखवत नाही."

मी मान हलवत होतो, पण मनातून गार होतो. मग त्या म्हणाल्या, "आणि अर्थात, पाच पिढ्यांची वंशावळ सोबत मिळते."

मी खुर्चीत सरळ बसलो. "लेखी?"

"लेखी. नोंदणीकृत."

आता तुम्हाला सांगतो, आमच्या स्वतःच्या घरची वंशावळ छप्पन सालापासून सुरू होते. आजोबांनी दीक्षा घेतली तिथून. त्याच्या मागचं विचारलं तर आजोबा म्हणायचे, "मागचं मोजू नको, इथून मोज." आम्ही तिथून मोजतो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण इथे एक मांजर होती जिच्या खापरपणजीच्या डोळ्यांचा रंगसुद्धा शिक्क्यानिशी लिहून ठेवला होता! माणूस म्हणून मला हसू आलं. कारकून म्हणून मात्र मी हरलो.

दोन तास मी ते कागद तपासले. एका लसीपुढे सही नव्हती, ती करून घेतली. आजीच्या दाखल्याची झेरॉक्स पुसट होती, दुसरी मागितली. कानामागे कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, तिचा पंधरा आकडी नंबर तीन कागदांवर होता. तिन्ही आकडा-आकडा ताडून पाहिले. मॅडमनी दोनदा चहा दिला. तिसऱ्यांदा दिला नाही.

"मांजर बघता का एकदा?" त्यांनी विचारलं.

"पाहतो न," मी म्हणालो आणि काचेपलीकडे नजर टाकली. गादीवर क्रीम रंगाचा एक ढीग होता. "नाक कुठे आहे?"

"आहे. आत आहे."

कागदावर तिचं नाव 'लेडी सिल्व्हर मून' होतं. वय एक वर्ष, रंग क्रीम. सगळं जुळत होतं. न्यायला पिंजरा साडेतीन हजारांचा होता. तो मी नाकारला आणि संत्र्याच्या रिकाम्या पेटीला भोकं पाडून घेतली. झालेल्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्या साडेतीन हजारांत आहे असं प्रेमिला म्हणते. मला ते मान्य नाही, पण सध्या मी वाद घालायच्या परिस्थितीत नाही.

फाइल पूर्ण व्हायला आता एकच कागद कमी होता, वैद्यकीय दाखला. म्हणून घरी जायच्या आधी मी थेट डॉक्टर रजतच्या दवाखान्यात गेलो. जनावरांचे डॉक्टर, वयानं तरुण, स्वभावानं गरीब. बाकावर माझ्या शेजारी गावाकडची एक बाई बसली होती. तिच्या मांजरीचा कान भांडणात फाटला होता. आता नागपुरात कोणाला काहीही कुठेही न्यायचं असलं तर संत्र्याची पेटी सापडते, आणि मे महिन्यात त्या पेटीवर ओलं फडकं टाकल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. तिच्याही मांडीवर संत्र्याची पेटी होती आणि तिच्यावर ओला गमछा. माझ्याही मांडीवर तेच.

डॉक्टरांनी एकामागून एक दोन्ही मांजरी तपासल्या, माझ्या मांजरीला लस टोचली, तिच्या मांजरीला टोचून कानाला जांभळं औषध लावलं आणि दोन्ही पेट्या काउंटरवर आणून ठेवल्या. मी तेव्हा दाखला वाचत होतो. दाखल्यावर तारीख नव्हती.

"डॉक्टरसाहेब, तारखेशिवाय हा नुसता कागद आहे."

त्यांनी तारीख टाकली. मी शिक्का मागितला. शिक्का उलटा बसला, दुसरा मागितला. ती बाई म्हणत होती, "माझी बस निघून जाईन जी," पण शिक्का महत्त्वाचा होता. मग मी दाखला फाइलीत ठेवला, फाइल काखेत मारली, पेटी उचलली आणि निघालो. आधी पेटी मी उचलली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मला आठवत नाही.

घरी प्रेमिला दारातच उभी होती. केस विंचरून, साडी बदलून. पाहुणे येणार असल्यासारखी. मी हॉलच्या मध्ये पेटी ठेवली, आधी फाइल उघडून पाच पिढ्या वाचून दाखवल्या आणि मग सुतळी सोडली.

आतून जे निघालं ते एका उडीत फ्रिजवर होतं. लांब पाय, लांब शेपूट, चांगलं टोकदार नाक. अंगावर मळकट पांढरे, चपटे केस. एक कान जांभळा.

प्रेमिला बराच वेळ वर पाहत राहिली. "अजी, हे पर्शियन आहे?"

"मग काय? फाइल तुझ्यासमोर आहे."

"केस कुठं गेले?"

"उन्हाळ्यात कापतात." हे मॅडम खरंच म्हणाल्या होत्या.

"अन् नाक?"

"ते आत असते. गरमीनं बाहेर आलं असेल."

"अन् हा कान जांभळा काहून?"

"तिथे चिप आहे," मी म्हणालो. एवढ्या वर्षांच्या अनुभवाचा फायदा हा, की माणूस अडत नाही.

त्या दिवशी प्रेमिलानं आणखी काही विचारलं नाही. तिनं दुधाची वाटी खाली ठेवली, मांजर फ्रिजवरून उतरली, वाटी चाटूनपुसून साफ केली आणि प्रेमिलाच्या पायाला अंग घासून गेली. प्रेमिला हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा. मी फाइलीवर हात फिरवला आणि मनात म्हणालो, पंचेचाळीस हजार वसूल.

नाव मात्र तिनं बदललं. "लेडी-बिडी नाही म्हणणार मी. बर्फी."

बर्फीनं विकतचं खाणं हुंगलं आणि घाण झाकतात तशी पायानं बाजूची फरशी खरवडली, म्हणजे काय समजायचं ते समजा. सुकट मात्र कागदासकट खाल्ली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या कुसुमताई पाहायला आल्या. चष्मा लावून त्यांनी बर्फीला पुढून-मागून न्याहाळलं.

"मले तं आपल्या मच्छीवालीजवळ बसते तशीच वाटून राहिली," त्या म्हणाल्या.

"पंचेचाळीस हजारांची आहे," मी म्हणालो.

कुसुमताईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "हो, पण चाल पाहा न तिची. चालीत फरक आहे. आपल्या इथल्या मांजरी अशा चालतात काय?"

मग कॉलनीतून रांगच लागली. कोणाला तिच्या डोळ्यांत इराण दिसलं, कोणाला बसण्यात नवाबी दिसली. तिसऱ्या दिवशी बर्फीनं खालच्या पार्किंगमधून एक उंदीर आणून माझ्या चपलेवर ठेवला. चौथ्या दिवशी दोन. सातव्या दिवशी कॉलनीच्या सेक्रेटरीनं मला हात जोडून सांगितलं, की मेश्रामसाहेब, तुमच्या परदेशी मांजरीनं आमचा पेस्ट कंट्रोलचा खर्च वाचवला. पर्शियात पूर्वी राजेलोकांकडे शिकारीसाठी हीच मांजर असायची, असं मी त्यांना सांगितलं. हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. पण सांगताना मला ते वाचल्यासारखं आठवत होतं.

मिनलनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि ती हसतच सुटली. "बाबा, ही गावठी आहे."

मी तिला वंशावळीचा फोटो पाठवला. तिनं खाली हसण्याची चार चित्रं टाकली. आजकालच्या मुलांचा लेखी पुराव्यावर विश्वासच उरलेला नाही.

पण प्रेमिला! ती दिवसभर बर्फीशी बोलायची. आज भेंडी आणली, भेंडीवाला लबाड आहे, मिनलच्या सासूचा फोन होता, तुला काय वाटते. बर्फी ऐकायची. मी पेपर खाली ठेवून ऐकायला लागलो, तर मला घरातल्या कितीतरी गोष्टी पहिल्यांदा कळल्या. एकदा भाजीत मीठ कमी पडलं, मी म्हणालो, आणि प्रेमिला माझ्यावर कडाडली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

अकराव्या दिवशी डॉक्टर रजतचा फोन आला.

"काका, तुमची मांजर कशी आहे?"

"उत्तम."

"दिसायला कशी आहे?"

"दिसायला म्हणजे? कागदावर आहे तशी."

मग ते म्हणाले, "काका, त्या दिवशी कुहीकडच्या एक बाई होत्या. वच्छलाबाई. त्यांचा फोन आला होता. त्या फार रागावल्या आहेत. म्हणतात, तुमच्या सुईनं माझ्या मांजरीचं तोंड सुजलं, नाक आत गेलं, अंगभर केस वाढले आणि ती उंदीर धरेनाशी झाली."

"मग द्या न त्यांना काही औषध."

"काका, तुम्ही तुमची मांजर घेऊन या."

मी फाइल घेतली आणि बर्फीला पिशवीत घातलं. प्रेमिलाला सांगितलं, डोस राहिला आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी चिप वाचायचं हातातलं मशीन काढलं आणि बर्फीच्या कानामागून फिरवलं. मशीन काही बोललं नाही.

"दुसऱ्या बाजूनं पाहा," मी म्हणालो.

दुसऱ्या बाजूनं फिरवलं. पोटावरून फिरवलं. मशीन गप्प.

"या मशीनची तपासणी कधी झाली होती? त्याचा दाखला आहे?"

डॉक्टरांनी मशीन खाली ठेवलं. त्यांनी माझ्या हातातली फाइल अलगद घेतली, मिटवली आणि खुर्चीवर ठेवून दिली. "काका, कागद नका पाहू. एकदा मांजरीकडे पाहा."

मी पाहिलं. बर्फी टेबलावर बसून पंजा चाटत होती. अकरा दिवस ती माझ्या घरात होती, माझ्या चपलेवर उंदीर ठेवत होती, आणि तिच्याकडे मी नीट असं पहिल्यांदाच पाहत होतो. गावठी होती. इतकी गावठी, की आंधळ्यालासुद्धा हात लावून कळलं असतं. हनुवटीखाली एक पिवळा ठिपका होता, तोही मी त्या दिवशी पाहिला. फार गोड होता.

बर्फीला पिशवीत घालून घरी आलो. फसल्याची लाज होती, पण त्याहून मोठी भीती होती प्रेमिलाची. तिला सांगायचं कसं? मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली.

"मले पहिल्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली.

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही फाइल दाखवली. तुमच्या फाइलीसमोर मी कधी बोलली काय? अन् दुसऱ्या दिवसापासून मले ते आवडायले लागली. मग कशाले बोलू?" तिनं कणकेचा हात डोळ्याला लावला. "पण कोणाची तरी आहे ते. परत द्यावी लागते."

मला ते पाहवेना. "हे बघ," मी म्हणालो, "आपली पर्शियन तर आपण आणूच. पण ही बर्फीसुद्धा आपल्याकडेच राहील. गावठी मांजर, तिची किंमत ती काय? पाचशे म्हण, हजार म्हण. दोन मिनिटांचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी काढून कुहीला गेलो. पुढे चार मैलांवर गाव. वच्छलाबाईंच्या अंगणात पोचलो तर छपरीत बाजेवर आमची लेडी सिल्व्हर मून पसरली होती आणि वच्छलाबाईंचे यजमान, देवाजी, तिला विंझण्यानं वारा घालत होते. लेडीचं तोंड पिवळंधमक होतं.

"सूज उतरावी म्हणून हळद लावली मी," वच्छलाबाई म्हणाल्या. बाई काटक, साठीच्या, नजर एकदम तेज. "आठ दिवस लावली. सूज काही उतरेना. समोरून उंदीर गेला तं हे पाहते अन् जांभई देते. उंदरानं परवा हिच्या ताटलीत खाल्लं जी, हिच्या बाजूले बसून."

मी सगळा घोटाळा समजावून सांगितला आणि पंधरा आकडी नंबर दाखवायला फाइल उघडली. त्यांनी फाइलीकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रेमिलाच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहून त्यांनी नुसती हाक मारली, "ठके."

बर्फी पिशवीतून बाणासारखी सुटली. वच्छलाबाईंच्या पायात दोन चकरा, परत येऊन प्रेमिलाच्या गुडघ्यावर डोकं घासलं आणि थेट धानाच्या कोठीत. आतून पोती खसखसल्याचा आवाज आला आणि मग एक चिरका आवाज. देवाजींनी विंझणा थांबवला आणि समाधानानं डोळे मिटले.

प्रेमिलाची पिशवी रिकामी झाली होती. ती तशीच मांडीवर धरून बसली होती. मी घसा खाकरला.

"वच्छलाबाई, ही ठकी आम्हाला देऊन टाका. हजार रुपये देतो."

"ठकी नाही देत."

"दोन हजार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी पाच म्हणालो. मग दहा. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं, ही पर्शियन ठेवून घ्या बदल्यात. पंचेचाळीस हजारांची आहे."

"काहून?" वच्छलाबाईंनी विचारलं. "काय करते हे?"

"काही करत नाही. पण हिची पाच पिढ्यांची वंशावळ आहे."

"पाचच?" वच्छलाबाई बाजेच्या कडेवर टेकल्या. "ठकीची माय बुधी. बुधीनं ढोलीतला साप मारला होता. बुधीची माय सोनकी, तिले एक डोळा नव्हता, पण पावसाळ्यात कोठीत एक उंदीर टिकू दिला नाही. सोनकीची माय भुरी. भुरीची माय मोठी भुरी, ते माझ्या लग्नाच्या मांडवात व्यायली होती. तिची माय चिमणी, चिमणीची माय कजरी. अन् कजरीची माय माझ्या आजेसासूनं माहेराहून बैलबंडीत बसून आणली होती, पदराखाली झाकून. तिचं नाव राणी. राणीच्या मागचं मले माहीत नाही, खोटं काहून सांगू?"

मी बोटांवर मोजलं. ठकी धरून आठ झाल्या. सवयीनं मी खिशातलं पेन काढलं.

"याचा काही कागद आहे?"

"कागद कशाले? कोठीत धान हाय न."

एकतीस वर्षांत मला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. मी पेन परत खिशात ठेवलं.

तेवढ्यात प्रेमिला हळूच बोलली. "बाई, मी ठकी नाही मागत. तुमची आहे ते. अकरा दिवस राहिली, तेवढ्यानं मले फार बरं वाटलं, हेच सांगाचं होतं."

वच्छलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मी तर अकरा दिवस मांजरीकडे पाहिलं नव्हतं. ही बाई पहिल्याच भेटीत माणसाकडे पाहत होती. "पोरगी लग्न होऊन गेली काय वं?"

"जानेवारीत."

"मग घर खायले उठते," वच्छलाबाई म्हणाल्या. प्रेमिलानं मान खाली घातली. मग वच्छलाबाईंनी पदर खोचला. "दिवाळीच्या पुढं ठकी व्याईन. पिल्लू देईन मी तुले."

मी लगेच पाकिटाला हात घातला. "किती द्यायचे?"

"मांजराचे पैसे घेत नसतात जी. पैसे घेतले तं पिल्लू उंदीर धरत नाही. पण तुमच्या आधी सहा घरं हायेत नंबरात. अन् मी कोणालेही देत नाही. पाहून देतो."

आणि मग, वाचकहो, त्या अंगणात माझी उलटतपासणी सुरू झाली. घरी दिवसभर कोण राहते? दूध पाकिटाचं की गाईचं? माडी कितवी, गॅलरीले जाळी हाय काय? आधी कधी मांजर पाळली होती? बाहेरगावी गेले तं कोणाजवळ ठेवान? प्रेमिलाची उत्तरं त्या मान डोलवत ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही बोलता काय मांजरीसंग?"

"मी? नाही, म्हणजे तसं काही..."

"तिच्या हनुवटीखालचा ठिपका कोणत्या रंगाचा हाय?"

"पिवळा," मी ताबडतोब म्हणालो. आदल्याच दिवशी पाहिला होता म्हणून वाचलो.

"हूं," त्या म्हणाल्या. नापास केलं नाही, पण पासही केलं नाही. निघताना मी सवयीनं विचारलं, की आमचा नंबर सातवा, याची काही पावती, काही नोंद? त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि देवाजींना म्हणाल्या, "यायले पाणी द्या जी, ऊन लागलेलं दिसते."

लेडी आता आमच्याकडे आहे. हळद अजून पुरती गेलेली नाही, त्यामुळे कागदावर क्रीम आणि प्रत्यक्षात पिवळी, अशी तफावत आहे. पण मी ती नोंदवलेली नाही. प्रेमिला तिला लाडी म्हणते, रोज सकाळी अर्धा तास विंचरते आणि विंचरता विंचरता वच्छलाबाईंशी फोनवर बोलते. दोघींची गट्टी जमली आहे. कोठीतल्या बातम्या आमच्या घरी आणि भेंडीवाल्याच्या बातम्या कुहीला पोचतात. घर पुन्हा पहिल्यासारखं बोलायला लागलं आहे.

काल फोन स्पीकरवर होता. मी पेपर खाली ठेवला आणि मध्येच विचारलं, "वच्छलाबाई, आपल्या पिल्लाचं पक्कं न?"

"तुमच्या मागच्या गल्लीत माझी भाची राहते," त्या म्हणाल्या. "तिनं सगळीकडं विचारपूस केली. प्रेमिलाबाईचं पास झालं."

"आणि माझं?"

"तुमची चौकशी चालू हाय."